दर्याचा नारळ आणि काचेची टाकी

आये,

घरात मासे पाळणारा कोळी तू जन्मात पाहिला नव्हतास. पाहिला असतास तर माशांच्या पाटीवरचं ओलं फडकं तोंडाला लावून हसली असतीस. तो कोळी मी आहे. माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून काचेची मोठी टाकी आहे. तिच्यात खारं पाणी आहे, दगड आहेत, दगडांवर जिवंत प्रवाळ आहे, आणि त्यातून रंगीत मासे फिरतात. मीठ पिशवीतून येतं, ते गाळलेल्या पाण्यात ढवळून मी घरीच समुद्र तयार करतो. "दर्या दाराशी, न् तू पिशवीतला मीठ पान्यात घोळतंस?" हे तू विचारलंच असतंस, म्हणून आधीच सांगतो. आपल्या खाडीच्या तोंडचं पाणी गढूळ, चिखलाचं. त्यात बोंबील सुखाने राहील, पण ही नाजूक मंडळी नितळ पाण्यातली. त्यांचे चोचले पुरवावे लागतात. टाकीला पंप आहे, पाणी गार ठेवायचं यंत्र आहे, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करायला मी आहे, कारण तू गेल्यानंतर मी एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते बरं चाललंय. हे सगळं तुला आज सांगतोय, कारण या वर्षभरात आमच्या घरात जे झालं ते तुझ्यापासून सुरू झालं आणि तुझ्यापाशीच येऊन थांबलं.

तुला तो दिवस आठवत असेल. बाने मला पहिल्यांदा बोटीत घेतलं होतं. मी नवी चड्डी घालून, छाती काढून बसलो होतो आणि बोट खाडीतून बाहेर पडायच्या आतच ओकलो. जाळ्यावर ओकलो, बाच्या पायावर ओकलो, आणि पोटात काही उरलं नाही तरी ओकतच राहिलो. परत आल्यावर बा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर सगळ्यांसमोर ओरडत होता, कोळ्याच्या पोटी हे कसलं पोर आलं म्हणून. तू वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठीपाशी उभी होतीस. तशीच चालत आलीस, माझं तोंड पदराने पुसलंस आणि बाला म्हणालीस, "वकला तं वकला. होडी बुडली काय?" बा गप्प झाला. बा गप्प झालेला मी त्याआधी पाहिलाच नव्हता. त्यानंतर पुन्हा दोन-तीनदा मला नेऊन पाहिलं, दर वेळी तेच. शेवटी त्याने माझा नाद सोडला आणि मी बोटीचा. पण समुद्राचा नाद काही सुटेना, हे तू एकटीने ओळखलंस. पुढे कधीतरी तू लोणच्याच्या बरणीत समुद्राचं पाणी आणि त्यात जाळ्यात जिवंत सापडलेलं माशाचं बोटभर पोर घेऊन आलीस, काळ्या पट्ट्यांचं, चपटं. बरणी खिडकीत ठेवलीस आणि म्हणालीस, "घे. तुजा दर्या." आये, मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं, पण त्या बरणीची सर कशालाच नाही.

ते पोर फार जगलं नाही. मी भोकाड पसरलं, तेव्हा तू पाटी भरत होतीस. तुझं काम मला अजून तसंच्या तसं दिसतं. पाटी भरताना तू प्रत्येक मासा हातात घेतेस, कल्ले उघडून बघतेस, मऊ पडलेला असेल तर बाजूला टाकतेस, मग बर्फ, मग ओलं फडकं. बाजारात बसल्यावर दुपारी पुन्हा सगळी पाटी उपसतेस, पुन्हा निवडतेस. बाकीच्या बायका एकदा मांडून बसायच्या आणि गप्पा मारायच्या. तू मात्र सारखी उलथापालथ करत राहायचीस. "एक मऊ पडला का बाजूच्याला लागतो," म्हणायचीस. त्या दिवशी माझ्या रडण्याकडे न बघताच तू म्हणालीस, "मेला तो काढ. रडाचा नाय. उरल्याचा पानी बघ." बरणीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं, म्हणून मी आणखीच रडलो. तुझ्या सांगण्याचा उपयोग इतक्या वर्षांनी झाला.

आता तुझ्या सुनेचं सांगतो, कारण तुमची गाठ पडली नाही. ती साताऱ्याकडची. आपल्या बायकांनी आधी नाकं मुरडली, घाटावरची म्हणे, हिला कोलीम-जवळा कळेल का नि बोंबील कळेल का. तिला दोन्ही कळले. कालवण तर असं करते की तुझ्या जावेने वाटी पुढे करून पुन्हा मागितलं. ती इथल्या शाळेत लहान मुलांना शिकवते आणि माशांशीही तशीच बोलते, वर्गात बोलते तशी. टाकी मी बांधली, पण सकाळचं खाणं तिच्या हातचं. तिचा हात काचेजवळ दिसला की सगळे धावायचे. मी उभा राहिलो तर कोणी ढुंकून बघायचं नाही. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती, त्यातली मादी मोठी आणि भांडखोर. या माशांत मादीच मोठी असते. हिने तिचं नाव मालकीण ठेवलं आणि नराचं मालक. मालकीण मालकाला दगडामागे पिटाळायची तेव्हा ही माझ्याकडे बघून हसायची. शिवाय एक पिवळाजर्द चपटा मासा, वाळूत शिरून झोपणारे हिरवे, आणि हलणाऱ्या बोटांसारखं जांभळट प्रवाळ. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती खुर्ची ओढून टाकीसमोर चहा प्यायची. त्या खुर्चीत मला बसू द्यायची नाही.

बोटीतलं ओकणं तेवढं लाजेने गाळून तुझ्याबद्दल मी तिला सगळं सांगितलं होतं, आणि त्यातली एक गोष्ट तिने मनात धरून ठेवली होती. नारळी पौर्णिमेचा नारळ तू कधी चुकवला नाहीस. तापात होतीस तेव्हाही दोघींच्या खांद्यांवर हात टाकून किनाऱ्यापर्यंत गेलीस. तर गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला पाऊस कोसळत होता, रस्त्यात गुडघाभर पाणी, रिक्षा बंद. मी आदल्या दिवसापासून विरारला एका कोल्ड स्टोरेजच्या कामात अडकलेला. पाचूबंदरला जायचं कसं? हिने विचार केला, आईंचा नारळ चुकायला नको. आणि दर्या तर घरातच आहे. शेजारच्या दोघी बोलावल्या. टाकीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आरती केली, आणि नारळ सबंध टाकला तर काच फुटेल म्हणून पाट्यावर वाढवून त्याचं पाणी टाकीत ओतलं. हिचा झाल्यावर शेजारणींनी आपापले आणले होते तेही वाढवले. दर्याला कोणी एका घोटाने पाणी पाजतं का! मी घरी आलो तेव्हा माळ बघून मला गंमत वाटली, भरलं ताट समोर आलं, आणि मी नारळीभात दोनदा मागून घेतला. नारळाचं पाणी कुठे गेलं हे मी विचारलं नाही आणि तिला सांगायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी पेजेसारखं झालं. नारळाच्या पाण्यात साखर असते, आये. ती साखर खाऊन पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव अफाट वाढतात आणि पाण्यातली हवा संपवून टाकतात; माशांना श्वासाला काही उरत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी पंप अडकला समजून तो साफ केला आणि दुकानात गेलो. दुपारी पावसात लाईट गेली आणि होती नव्हती तेवढी पाण्याची हालचालही थांबली. हिचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "अहो, सगळे वर आलेत. तोंडं उघडतायत. लवकर या." मी दुकानातली छोटी बॅटरी काखेत मारून पाण्यातून पळत आलो. तोवर पिवळा आडवा झाला होता. मालक दगडाला टेकून पडला होता, कल्ले उघडे ते उघडेच. तू गिऱ्हाइकाला कल्ले फाकवून लाल रंग दाखवायचीस ना, तेच उघडे कल्ले, पण मला ते बघवेनात. हिरवे वाळूतून बाहेर येऊन मेले होते. मी बॅटरीवर हवेचा पंप लावला, हाताने मगाने पाणी उपसून वरून ओतत राहिलो, आणि वेड्यासारखा बडबडत होतो, कशाने झालं, कशाने झालं. तेव्हा ती माझ्या मागून हळूच म्हणाली, "नारळाच्या पाण्यानं काही होतं का हो?"

मी वळलो. राग आला, आये, खोटं कशाला बोलू. तोंडाशी शब्द आले होते, घाटावरची, दर्या काय कळणार, सगळं आलं होतं. पण तिचा चेहरा पाहिला. कपाळावर कालच्या पूजेचं कुंकू थोडं पसरलेलं होतं. आणि मला एकदम किनारा दिसला, ओरडणारा बा दिसला, आणि मी स्वतः, चड्डीपर्यंत ओकारीने माखलेला. माझ्या तोंडून तुझंच निघालं. "ओतला तं ओतला," मी म्हणालो, "होडी बुडली काय?" तिला काही कळलं नाही. ती रडत आत गेली. होडी तर बुडतच होती, समोर दिसत होतं. पण माझी बडबड थांबली. मी पाटी उपसावी तशी टाकी उपसायला लागलो. मेले ते काढले. सगळे, वाळू चाळून, दगड उचलून, कोपऱ्यातलेसुद्धा, कारण एक मऊ पडला का बाजूच्याला लागतो. आणि सगळ्यात शेवटी, पंपाच्या नळीजवळ, जिथे बुडबुडे येत होते तिथे तोंड लावून उभी असलेली मालकीण सापडली. कल्ले भराभर उघडत होते, पण उघडत होते. उरल्याचा पानी बघ. मी पिंपात मीठ घोळायला घेतलं.

पाणी बदलायचं म्हणजे पाणी हवं, आणि इमारतीचा पंप बंद. दुकानातले पिण्याच्या पाण्याचे जार आणले तेवढे जिन्याने वर न्यायचे होते. तेव्हा त्या दोन शेजारणी पदर खोचून आल्या. त्यांना कोणी काही बोललं नव्हतं, पण बातमी लागली होती. एक म्हणाली, "दादा, आम्हाला खरंच वाटलं दर्याच आहे." मी म्हणालो, "वहिनी, मलाही तसंच वाटतं." आणि आम्ही तिघं जार चढवत राहिलो.

मालकीण जगली. पण टाकी म्हणजे काही एक मासा नव्हे. प्रवाळ पांढरं पडलं, मग त्याच्यावर तपकिरी बुळबुळीत शेवाळ चढलं. घरात आल्यावर चिखलात वल्हं मारल्यासारखा वास. हिने त्या बाजूला जाणं सोडलं. खुर्ची स्वयंपाकघरात नेली, चहा तिथेच. सकाळचं खाणं माझ्याकडे आलं, आणि मालकीण माझ्या हाताला विचारीना. लोक म्हणाले, विकून टाक, काच चांगली आहे, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. हीसुद्धा म्हणाली, "काढून टाका ना. मला बघवत नाही." मासे काय, पुन्हा आणता आले असते. पण ती आपल्या चुकीकडे रोज पाठ करून चहा पिणार, आणि तीसुद्धा तुझ्या नारळासाठी केलेली चूक, हे मला सोसवत नव्हतं. टाकी काढली असती तर ती पाठ कायमची तशीच राहिली असती. तेव्हा मी हट्टाला पेटलो. आठवडा गेला की पाणी बदल, शेवाळ हाताने खरवड, दगड घास, पुन्हा पाणी बदल. गणपती गेले, दिवाळी गेली, नाताळात समोरच्या वाडीत चांदण्या लागल्या तरी मी बादलीत हात घालून बसलेलो. माझ्या हातांना तुझ्यासारखा वास यायला लागला, त्याचा मला मात्र आनंद झाला.

मग एका रविवारी मी तिला हाक मारली. समजूत घालायला नाही, कामाला. म्हटलं, चाळिशी लागलीय, मला जवळचं दिसत नाही, जरा बघून सांग कुठलं प्रवाळ मेलंय, ते काढून टाकतो. ती नाखुशीने आली. मी तिला तुझी रीत सांगितली, एकेक बघायचं, मऊ पडलेलं बाजूला. ती काचेला नाक लावून एकेक दगड बघत गेली, "हे गेलं, हे पण गेलं" म्हणत. जांभळ्या प्रवाळाच्या बुडख्याशी थांबली. हाताने काच पुसली. मग म्हणाली, "अहो, हे काढू नका. याला बोटं फुटतायत." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच होतं. पांढऱ्या बुडख्यावर तांदळाच्या कणीएवढे कोंब, आणि ते पाण्यासोबत हलत होते. ती काचेपासून हटली नाही. मालकीण दगडामागून निघाली, सरळ तिच्या नाकासमोर येऊन उभी राहिली आणि खायला मागू लागली. संध्याकाळी खुर्ची परत हॉलमध्ये आली. मी चहात साखर जास्त घातली, आणि किनाऱ्यावरचा तो दिवस, माझ्या ओकण्यापासून तुझ्या पदरापर्यंत, तिला सांगून टाकला.

त्यानंतर टाकी थांबलीच नाही. कोंबांची झुडपं झाली. हिरवे दुसरे आणले. पिवळा पुन्हा नाही आणला, तो एकच होता. मालकिणीसाठी एक छोटा नर आणला, तर तिने त्याला असा काही धुतला की बिचारा कोपऱ्यात उभा राहून अंग थरथरवायचा. ही काचेबाहेरून मालकिणीला दटावायची, "असं करतात का? नवा आहे ना तो?" वर्गात ऐकतात तसं तिने ऐकलं म्हणायचं, कारण हळूहळू दोघं एकत्र झोपू लागली. आणि आता पुढचं ऐक. यंदा नारळी पौर्णिमेच्या जरा आधी हिने मला दुकानात फोन केला. आवाज पुन्हा ओळखू येईना. माझ्या हातातला पाना खाली पडला. म्हणाली, "अंडी! अहो, अंडी घातलीत!" मी शटर अर्धं ओढून धावत आलो. दगडाच्या पोटाशी नारंगी ठिपक्यांचा गालिचा, आणि तो थरथरणारा नवरदेव त्याच्यावर कल्ल्यांजवळच्या परांनी वारा घालतोय. मालकीण पहाऱ्यावर. मी बोट नेलं तर मला चावली. आये, मी ओरडलो. इमारतीत सगळ्यांना ऐकू गेलं. शेजारणी आल्या, त्यांनी आधी हात पाठीमागे बांधले आणि मग वाकून पाहिलं. "आम्ही काही ओतत नाही हं," म्हणाल्या, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. आम्ही जिंकलो, आये. मेलेल्या पाण्यात आम्ही पोरं आणली.

हिने त्याच दिवशी ठरवून टाकलं. यंदाचा नारळ खऱ्या दर्यात, आणि तोही किनाऱ्यावरून नाही, बोटीतून. "आणि तुम्ही यायचं," म्हणाली. चुलतभावाची बोट. तो तर फोनवर हसायलाच लागला, पण पताका लावून, बोट धुऊन तयार ठेवली. मी चढलो. इतक्या वर्षांनी पाय फळीवर ठेवला आणि सगळं पाचूबंदर बघतंय असं मला वाटलं. तिने हिरवी साडी नेसली होती, मांडीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, तो दोन्ही हातांनी धरून. खाडीच्या तोंडाशी लाट आली, बोट उचलली गेली, आणि जे व्हायचं तेच झालं. मी कठडा धरून सगळं बाहेर काढलं. नारळ तिनेच टाकला. माझ्याने मान वर होईना, फक्त पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला आणि चुलतभाऊ ओरडला तो ऐकला. मग ती माझ्याशेजारी येऊन बसली. पदराने माझं तोंड पुसलं. आणि ती, साताऱ्याची, जिने तुला कधी पाहिलं नाही, तिच्या त्या अदबीच्या बोलीत मला म्हणाली, "ओकलात तर ओकलात. होडी बुडली काय?"

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला लिहिल्याशिवाय राहवत नव्हतं. टाकीखालच्या कपाटात मिठाच्या पिशव्यांमागे ठेवून देतो. तिथे दमट असतं, शाई पसरेल, पसरू दे. एवढंच, की बा तिथे तुझ्याजवळ असेल, त्याला एक गोष्ट सांगू नको. बोटीत चढायच्या आधी मी उलटी थांबवायची गोळी घेतली होती.